वेंतोतेने : शिक्षेचे बेट आणि आपण होऊन आलेली माणसे

रोमहून नेपल्सकडे जाणाऱ्या आगगाडीत बसले की तासा-सव्वा तासात फोर्मिया नावाचे स्टेशन येते. भारतीय प्रवासी येथे सहसा उतरत नाहीत. त्यांना पुढे पॉम्पेई गाठायचे असते. आम्ही दोघे उतरलो, चालत बंदरावर गेलो आणि वेंतोतेनेची दोन तिकिटे काढली. बोटीला दोन तास लागतात. किनारा धूसर होत जातो, गाएताचा डोंगर मागे पडतो, आणि बराच वेळ समोर केवळ पाणी राहते. मग क्षितिजावर एक सपाट रेघ उमटते. तिच्या शेजारी एक गोलाकार ठिपका दिसू लागतो. रेघ म्हणजे वेंतोतेने आणि ठिपका म्हणजे सांतो स्तेफानो. या दोन बेटांनी मिळून दोन हजार वर्षे एकच काम केले आहे : सत्तेला नकोशी झालेली माणसे सांभाळण्याचे.

आधी बेटाची ओळख करून घेऊ. इटलीच्या पश्चिमेला तिऱ्हेनियन समुद्रात पोंझा बेटांचा एक लहानसा समूह आहे, त्याच्या पूर्वेकडील टोकाला वेंतोतेने येते. लांबी तीन किलोमीटरहून थोडी कमी, रुंदी अधिकात अधिक आठशे मीटर. एका मोठ्या, केव्हाच बुडून गेलेल्या ज्वालामुखीचा हा उरलेला कडा आहे. खाली काळा बेसॉल्ट आणि वर पिवळसर तांबूस, मऊ असा राखेचा दगड, ज्याला टफ म्हणतात. दक्षिणेकडे बेटाची उंची सुमारे १४० मीटर आहे आणि तेथून ते उत्तरेकडे हळूहळू उतरत जाते. कायमची वस्ती सातशेच्या आसपास असेल. हिवाळ्यात त्याहूनही कमी माणसे येथे राहतात.

या बेटावर झरा नाही, ओढा नाही. गोडे पाणी म्हणून काही असेल तर ते आकाशातून पडणारे. बेटाचा सारा इतिहास या एका उणिवेभोवती फिरतो, असे मला ते हिंडताना वारंवार वाटले. जेथे पाणी नाही तेथून माणूस कोणाच्या तरी बोटीवाचून जगू शकत नाही. तुरुंगाला याहून सोयीची जागा कोणती?

रोमन लोकांनी मात्र या उणिवेवर जी मात केली ती थक्क करणारी आहे. त्यांनी मऊ टफ पोखरून जमिनीखाली मोठमोठी टाकी खोदली. पावसाचे पाणी उतारावरून गोळा करून त्यांत आणले. विटांची भुकटी आणि चुना यांचा गिलावा देऊन भिंती अशा केल्या की थेंब झिरपू नये, आणि तेथून भुयारी पाटांनी पाणी बंदरापर्यंत व राजवाड्यापर्यंत पोहोचवले. यांपैकी दोन टाकी आज पाहता येतात. एकाला ‘कैद्यांचे टाके’ असे नाव आहे, कारण अठराव्या शतकात बेटावर गाव वसवण्यासाठी आणलेल्या कैद्यांना त्या रिकाम्या टाक्यातच ठेवले होते. आत शिरल्यावर डोळे अंधाराला सरावायला वेळ लागतो. मग कमानींच्या ओळी दिसू लागतात. पाण्यासाठी बांधलेल्या जागेत माणसे कोंडली गेली. वाटाड्याने हे अगदी सहज सांगितले आणि तो पुढे चालू लागला. आम्ही थोडे मागे रेंगाळलो.

बंदरही रोमनांचेच. निसर्गाने बेटाला आसरा दिला नव्हता, म्हणून त्यांनी खडक कापून समुद्र आत घेतला. सुमारे साठ हजार घनमीटर दगड हातांनी काढला गेला असा अभ्यासकांचा अंदाज आहे. काठाशी दगडातच कोरलेले जाड खुंट आहेत. दोन हजार वर्षांपूर्वी जहाजांचे दोर ज्यांना बांधत, त्यांना आजही मच्छीमारांच्या होड्या बांधल्या जातात. काठाच्या कपारींत कोरलेल्या वखारी होत्या, तेथे आता दुकाने आहेत. जगात अशी जुनी बांधकामे पुष्कळ आहेत, पण बहुतेकांभोवती दोरी आणि पाटी असते. येथे त्यांचा वापर थांबलेलाच नाही.

बेटाच्या उत्तर टोकाला पुंता एओलो नावाचा सुळका आहे. तेथे सम्राट ऑगस्टसच्या काळात बांधलेल्या राजवाड्याचे अवशेष आहेत : स्नानगृह, दालने, समुद्राकडे उतरणाऱ्या पायऱ्या. तिन्ही बाजूंना पाणी आणि अखंड वारा. तेव्हा या बेटाचे नाव पांदातेरिया होते. सुखासाठी बांधलेल्या या वाड्यात इ. स. पूर्व २ मध्ये ऑगस्टसने आपल्या एकुलत्या एक मुलीला, युलियाला, शिक्षा म्हणून धाडले.

युलियाची कथा थोडक्यात सांगण्यासारखी नाही, तरी सांगतो. ती तेव्हा सदतीस वर्षांची होती. बापाने राजकारणाच्या सोयीने तिची तीन लग्ने लावली होती : पहिले भाच्याशी, दुसरे आपल्या सेनापतीशी, तिसरे सावत्र मुलाशी. दुसऱ्या विवाहातून तिला पाच मुले झाली आणि त्यांतले थोरले दोन मुलगे ऑगस्टसने स्वतःचे वारस म्हणून दत्तक घेतले. याच ऑगस्टसने सोळा वर्षांपूर्वी विवाहनीतीचे कडक कायदे केले होते, व्यभिचार हा राज्याविरुद्धचा गुन्हा ठरवला होता. मुलीवर तोच आरोप आला. आरोपात खरे किती आणि राजकारण किती, यावर इतिहासकार आजही वाद घालतात. एक मात्र खरे की तिच्याबद्दल आपल्याला जे ठाऊक आहे ते सारे पुरुषांनी, आणि तेही दरबारी वर्तुळातल्या पुरुषांनी, लिहिलेले आहे. तिचा स्वतःचा शब्द उरलेला नाही.

बेटावर तिला मद्य मिळत नसे, कसलाही सुखोपभोग मिळत नसे. कोणताही पुरुष, स्वतंत्र असो वा गुलाम, सम्राटाच्या परवानगीशिवाय तिच्यापर्यंत जाऊ शकत नसे. आणि परवानगी देण्यापूर्वी त्याचे वय, उंची, वर्ण, अंगावरच्या खुणा यांची माहिती सम्राट मागवून घेई. रोमच्या लोकांनी तिला परत आणण्याची विनवणी केली तेव्हा आग पाण्यात मिसळेल तेव्हाच ती परत येईल, अशा अर्थाचे उत्तर त्यांना मिळाले. तेव्हा लोकांनी जळते पलिते नेऊन तिबेर नदीत टाकले. ही हकीकत मी प्रथम वाचली तेव्हा हसू आले होते. पुंता एओलोवर उभा असताना आले नाही.

आणखी एक व्यक्ती या बेटावर युलियासोबत होती, तिची आई स्क्रिबोनिया. युलिया जन्मली त्याच दिवशी ऑगस्टसने स्क्रिबोनियाला सोडचिठ्ठी दिली होती. मुलगी बापाच्या घरी, दुसऱ्या बाईच्या हाताखाली वाढली. सदतीस वर्षांनी त्या मुलीला समुद्रात टाकले गेले, तेव्हा वृद्ध आई आपण होऊन तिच्यासोबत निघाली. तिच्यावर आरोप नव्हता, तिला कोणी जा म्हटले नव्हते. पाच वर्षांनी युलियाला मुख्य भूमीवर, रेगियमला, हलवले. तेथेही आई बरोबर होती. इतिहासाच्या ग्रंथांत स्क्रिबोनियाच्या वाट्याला अर्धे वाक्य येते. बेटावर फिरताना मला मात्र सम्राटापेक्षा तीच अधिक आठवत राहिली, आणि तेव्हापासून मी या बेटाच्या इतिहासात एकाच प्रकारची माणसे शोधू लागलो : शिक्षा झालेली नव्हे, तर शिक्षा झालेल्यांच्या मागे आलेली.

युलियाची मुलगी आग्रिपिना. आईला नेले तेव्हा ती जेमतेम बारा-तेरा वर्षांची असेल. पुढे तिचा नवरा लोकप्रिय सेनापती ठरला, अकाली मरण पावला, आणि सम्राट तिबेरियसच्या डोळ्यांत ती सलू लागली. इ. स. २९ मध्ये तिलाही याच बेटावर आणले. एका शिपायाच्या मारहाणीत तिचा एक डोळा गेला. इ. स. ३३ मध्ये अन्नावाचून तिचा अंत झाला; अन्न तिनेच नाकारले की तिला ते दिले नाही, याविषयी त्या काळच्या लेखकांतच दुमत आहे. चार वर्षांनी तिचा मुलगा सम्राट झाला आणि वादळी हवेत स्वतः जहाज घेऊन आईची रक्षा न्यायला आला. हा मुलगा म्हणजे कालिगुला. ज्याच्या क्रौर्याच्या कथा पुढे जगभर झाल्या त्याच्या आयुष्यातला हा दिवस कोणाच्या फारसा लक्षात नसतो. त्यानंतर इ. स. ६२ मध्ये नीरोने आपली तरुण पत्नी ऑक्टाव्हिया हिला येथे पाठवले आणि थोड्याच दिवसांत तिची हत्या करवली. तिच्या मागे मात्र कोणी आले नाही.

मधली बरीच शतके आपण ओलांडून जाऊ. चाचेगिरीच्या भयाने बेट पुष्कळ काळ ओसच होते. अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात नेपल्सच्या बूर्बों राजाने येथे नवे गाव वसवले. कैद्यांनी रस्ते, चर्च आणि किल्ला बांधला, आणि नेपल्सच्या परिसरातील गरीब कुटुंबांना जमिनी देऊन आणले. आजची रंगीत घरे आणि बंदराकडे वळणे घेत उतरणारी पिवळसर चढण त्या काळातली. या शेतकऱ्यांनी आणलेला मसूर अजून पिकतो. दाणा बारीक असतो आणि त्याला पाणी द्यावे लागत नाही, येथे ते देणार तरी कोठून? आमच्यासारख्या शाकाहारी प्रवाशांची बेटावर चिंता होईल असे वाटले होते. पण पहिल्याच खाणावळीत मसुराचे दाट सार, ऑलिव्हचे तेल आणि भाकरीसारखा जाड पाव समोर आला. लसूण नको म्हटल्यावर मालकीणबाईंना क्षणभर अपमान झाल्यासारखे वाटले असावे, परंतु दुसऱ्या दिवशी त्यांनी आमच्यासाठी वेगळे भांडे चुलीवर ठेवले होते.

याच राजाने शेजारच्या सांतो स्तेफानोवर तुरुंग बांधला. १७९५ मध्ये तो सुरू झाला. नालेच्या आकाराची तीन मजली इमारत, प्रत्येक मजल्यावर तेहतीस अशा नव्व्याण्णव कोठड्या, सगळ्यांची तोंडे आतल्या अंगणाकडे आणि अंगणाच्या मध्यभागी पहारा. एका जागी उभ्या असलेल्या माणसाला सारे कैदी दिसावेत आणि कैद्याला कधीच एकटेपणा मिळू नये, ही युक्ती. अंदमानच्या सेल्युलर जेलचा मधला मनोरा ज्यांनी पाहिला आहे त्यांना हे वेगळे समजावून सांगायला नको. भोवती अथांग समुद्र असूनही एकाही कोठडीतून तो दिसत नसे. आम्ही हा तुरुंग वेंतोतेनेच्या किनाऱ्यावरूनच पाहिला. मधली खाडी दीड-दोन किलोमीटरची, पण प्रवाह असा की होडी क्वचितच धड लागते. तुरुंग १९६५ मध्ये बंद झाला. आता सरकारने दुरुस्तीसाठी सत्तर दशलक्ष युरो मंजूर केले आहेत.

येथे १८५१ ते १८५९ अशी आठ वर्षे लुईजी सेत्तेम्ब्रीनी हा साहित्याचा प्राध्यापक कैदेत होता. राजाविरुद्धच्या कटासाठी त्याला आधी फाशी झाली होती, ती जन्मठेपेवर आली. खुनी-दरोडेखोरांच्या गजबजाटात बसून त्याने लुकियन या ग्रीक लेखकाचे समग्र भाषांतर केले. त्याचा मुलगा राफाएले तोवर इंग्रजी जहाजांवर अधिकारी झाला होता. १८५९ मध्ये राजाने सेत्तेम्ब्रीनीसह सहासष्ट राजकैद्यांची शिक्षा हद्दपारीत बदलून त्यांना अमेरिकेला पाठवायचे ठरवले. स्पेनच्या कादिझ बंदरात ते जहाजावर चढले, तेव्हा नोकराच्या वेषात राफाएलेही त्याच जहाजावर चढला होता. भर समुद्रात त्याने आपला गणवेश चढवला, कप्तानासमोर उभा राहिला आणि जहाज न्यूयॉर्कऐवजी आयर्लंडच्या किनाऱ्याला लावायला भाग पाडले. कादंबरीत वाचले असते तर मी यावर विश्वास ठेवला नसता.

सगळ्याच नात्यांचा शेवट असा गोड झाला नाही. १९२९ मध्ये सान्द्रो पेर्तीनी हा समाजवादी तरुण याच तुरुंगात आला. पुढे दुसऱ्या तुरुंगात त्याची प्रकृती ढासळली तेव्हा, १९३३ मध्ये, त्याच्या आईने त्याच्यासाठी दयेचा अर्ज केला. पेर्तीनीने तो नाकारला आणि आईला अत्यंत कठोर पत्र लिहिले. हा माणूस १९७८ मध्ये इटलीचा राष्ट्राध्यक्ष झाला आणि त्याच्या त्या बाणेदारपणाचे आजही कौतुक होते. ते योग्यच आहे. पण पत्र हाती पडलेल्या म्हाताऱ्या आईचे काय झाले असेल, हा प्रश्न माझ्या मनातून जात नाही.

मुसोलिनीच्या राजवटीत वेंतोतेने स्थानबद्धांचे मुख्य बेट झाले. सुमारे आठशे जण येथे आणले गेले : साम्यवादी, समाजवादी, अराज्यवादी, उदारमतवादी. त्यांना रोज पाच लिरा भत्ता मिळे, दिवसातून अनेकदा हजेरी होई आणि ठरावीक रेषेपलीकडे जाण्यास मनाई होती. त्यांच्या खाणावळीसुद्धा पक्षांनुसार वेगळ्या होत्या! त्यांत अल्तिएरो स्पिनेल्ली होता. १९२७ मध्ये, वयाची वीस वर्षेही पुरी झालेली नसताना, साम्यवादी म्हणून पकडला गेलेला. दहा वर्षे तुरुंगात वाचन करून त्याचे मत बदलले, पक्षाने त्याला काढून टाकले आणि बेटावर जुने सोबती त्याच्याशी बोलेनासे झाले. शत्रूच्या कैदेत आणि मित्रांच्या बहिष्कारात एकाच वेळी राहणे किती अवघड, याची कल्पना करावी. त्याचे सोबती दोघे, अर्थशास्त्रज्ञ एर्नेस्तो रोस्सी आणि तत्त्वज्ञ एउजेनियो कोलोर्नी. लुईजी एइनाउदी या अर्थशास्त्रज्ञाने रोस्सीला इंग्रज लेखकांची संघराज्यावरची पुस्तके पाठवली होती. त्यांवरून या तिघांच्या चर्चा होत.

१९४१ च्या मध्यास, जवळजवळ सारा युरोप हिटलरच्या टाचेखाली असताना, स्पिनेल्ली आणि रोस्सी यांनी ‘स्वतंत्र आणि संयुक्त युरोपासाठी’ या शीर्षकाचा जाहीरनामा लिहिला. त्यांचे म्हणणे थोडक्यात असे की प्रत्येक राष्ट्राचे निरंकुश सार्वभौमत्व हेच युद्धाचे मूळ आहे. युद्ध संपल्यावर केवळ जुनी राज्ये पुन्हा उभी केली तर पुन्हा युद्धच होईल. म्हणून युरोपचे एक संघराज्य झाले पाहिजे. बेटावरच्या बहुसंख्य स्थानबद्धांना हे स्वप्नरंजन वाटले. कागद मिळणे कठीण असल्याने तो सिगारेटच्या पातळ कागदांवर बारीक अक्षरांत उतरवला गेला, असे सांगतात.

पण लिहिलेले बाहेर कसे जाणार? लिहिणाऱ्यांना तर बेट सोडण्याची मुभा नव्हती. मुभा होती ती त्यांच्यासाठी स्वखुशीने आलेल्यांना. कोलोर्नीची पत्नी उर्सुला हिर्शमान ही बर्लिनची ज्यू तरुणी. नाझी सत्तेवर येताच देश सोडून आलेली, आणि नवऱ्याला वेंतोतेनेला पाठवल्यावर लहान मुलींना घेऊन त्याच्याजवळ राहायला आलेली. ती स्वतः स्थानबद्ध नसल्यामुळे मुख्य भूमीवर ये-जा करू शकत होती. रोस्सीची पत्नी आदा हीदेखील नवऱ्याला भेटायला येई. या स्त्रियांनी तो जाहीरनामा समुद्रापार नेला आणि विश्वासाच्या माणसांच्या हाती दिला. पकडल्या गेल्या असत्या तर काय झाले असते हे त्यांना पुरते ठाऊक होते. जाहीरनाम्यावर त्यांची नावे नाहीत.

कोलोर्नीने १९४४ च्या जानेवारीत रोममध्ये गुप्तपणे त्याची छापील आवृत्ती काढली. त्याच वर्षी मे महिन्याच्या अखेरीस, रोम मुक्त होण्याच्या काही दिवस आधी, फॅसिस्टांनी त्याला गोळ्या घातल्या. उर्सुलाने पुढे स्पिनेल्लीशी विवाह केला. कोलोर्नी आणि उर्सुला यांची १९४१ साली जन्मलेली मुलगी एव्हा अर्थशास्त्रज्ञ झाली. आपले अमर्त्य सेन यांच्या त्या पत्नी. १९८५ मध्ये त्यांचे निधन झाले. इतक्या दूरच्या खडकाचा धागा असा अनपेक्षितपणे भारताशी येऊन जुळतो.

बेटाच्या आठवणीत मात्र जाहीरनाम्यापेक्षा मोठी तारीख आहे २४ जुलै १९४३. त्या दिवशी बेटाकडे येणारी ‘सांता लुचिया’ ही प्रवासी बोट ब्रिटिश विमानांच्या हल्ल्यात वेंतोतेनेजवळ बुडाली आणि साठहून अधिक माणसे मरण पावली. दुसऱ्याच दिवशी मुसोलिनीची सत्ता कोसळली, आणि ऑगस्टमध्ये स्थानबद्ध घरी गेले. चोवीस तासांच्या अंतराचा हा हिशेब येथल्या लोकांनी कसा मांडला असेल?

आम्ही सप्टेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात तेथे होतो. वीस तारखेला गावाच्या संरक्षक संत कांदिदाचा उत्सव असतो आणि त्याआधीचे अनेक दिवस संध्याकाळी चौकातून रंगीत कागदाचे मोठे फुगे गरम हवेने भरून सोडतात. मुलेच काय, म्हातारी माणसेही खाली उभी राहून ओरडत असतात. काही फुगे चर्चच्या छपरावर अडकतात, काही पेट घेतात, एखादा मात्र सरळ वर चढतो आणि मग वारा ज्या दिशेला नेईल तिकडे समुद्रावर निघून जातो.

शेवटच्या सकाळी आम्ही दफनभूमीत गेलो. स्पिनेल्ली पुढे युरोपीय आयोगाचा सदस्य झाला, युरोपीय संसदेत निवडून आला, आणि १९८४ मध्ये त्याने मांडलेला युरोपीय संघाच्या कराराचा मसुदा त्या संसदेने संमत केला. ब्रसेल्समध्ये संसदेच्या इमारतीला त्याचे नाव आहे. २०१६ च्या ऑगस्टमध्ये जर्मनी, फ्रान्स आणि इटली या तीन देशांच्या प्रमुखांनी या दफनभूमीत येऊन फुले वाहिली. १९८६ मध्ये तो वारला तेव्हा त्याची रक्षा येथे आणण्यात आली. साध्या भिंतीतला साधा दगड आहे. शेजारी गावातल्या मच्छीमारांची आणि शेतकऱ्यांची नावे. एक वृद्ध बाई आपल्या माणसाच्या दगडासमोरचा फुलदाणीतला शिळा पाण्याचा घोट ओतून देत होत्या. त्यांनी बाटलीतून नवे पाणी मोजून घातले, बूच घट्ट लावले आणि उरलेली बाटली पिशवीत परत ठेवली.

दुपारी दोनच्या बोटीने आम्ही फोर्मियाला परतलो.